कोकण किनाऱ्याची सहल: किलोमीटर नव्हे, खाड्या मोजा

हरिहरेश्वर आणि गुहागर नकाशावर बोटभर अंतरावर दिसतात, आणि तिथंच सहलीचं गणित फसतं. दोन्हींच्या मध्ये सावित्रीची बाणकोट खाडी आहे, केळशीची आहे, आंजर्ल्याची आहे आणि वाशिष्ठीची दाभोळ खाडी आहे. रस्ता प्रत्येक खाडीशी येऊन थांबतो. मग एक तर पूल, नाही तर फेरीबोट, नाही तर आत वळून मोठा फेरा. दाभोळच्या जेट्टीवरून समोर धोपावे स्पष्ट दिसतं, बोटीनं दहा-पंधरा मिनिटांत माणूस पलीकडे जातो. बोट चुकली, तर दापोली, खेड, चिपळूण करत गुहागरला यायला शंभर किलोमीटरहून जास्त गाडी हाकावी लागते.

म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावर ताशी पंचवीस-तीस किलोमीटरचाच हिशोब धरा. साठ किलोमीटर म्हणजे दोन-अडीच तास, आणि बरोबर लहान मुलं किंवा आजी-आजोबा असतील तर तीन. पहिला आणि शेवटचा दिवस सोडला तर दिवसाला तीन तासांपेक्षा जास्त गाडी चालवायची नाही, एवढं ठरवून घेतलं की बाकीची आखणी सोपी होते. तीन रात्री आणि चार दिवस हा माप बरोबर बसतो. त्यात श्रीवर्धन ते गुहागर एवढा पट्टा निवांत होतो. याच चार दिवसांत मालवणपर्यंत जायचं म्हटलं, तर समुद्र फक्त गाडीच्या काचेतूनच दिसेल.

तारीख ठरवण्याआधी पंचांग

बहुतेक जण आधी सुट्टी बघतात, मग खोली. त्या दोन्हींच्या मध्ये तिथी बघा, कारण किनाऱ्यावर कुठली गोष्ट किती वाजता करता येईल हे भरती-ओहोटी ठरवते. किनाऱ्यावरचं जुनं गणित असं आहे: तिथीच्या अंकाची पाऊणपट करा, आलेला आकडा म्हणजे त्या दिवशी पूर्ण भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हेच गणित. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. रत्नागिरीच्या बाजूला हे बऱ्यापैकी जुळतं. रायगडात भरती थोडी उशिरा येते, मालवणकडे थोडी आधी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होणारच, तेव्हा निघण्याच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून नेमकी वेळ बघून घ्या. तारीख निवडायला मात्र एवढं गणित पुरतं.

आता याचा उपयोग बघा. पौर्णिमेच्या किंवा अमावास्येच्या आगेमागे उधाण असतं. भरती दुपारच्या सुमारास येते, ओहोटी भल्या पहाटे आणि संध्याकाळी. म्हणजे संध्याकाळी पाच-सहाला समुद्र लांब गेलेला, पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, ऐसपैस आणि ओली वाळू टणक. मुलांना किल्ले करायला आणि क्रिकेट खेळायला याहून चांगली वेळ नाही. अष्टमीच्या आसपास भांग असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. ओहोटी भर दुपारी येते, आणि हरिहरेश्वरची प्रदक्षिणा करायची असेल तर हेच दिवस सोयीचे.

या प्रदक्षिणेबद्दल नीट समजून घ्या. देवळामागून डोंगर चढून पायऱ्यांनी खाली उतरलं की वाट थेट समुद्राच्या खडकांवरून जाते. एका बाजूला लाटांनी कोरलेला कडा, दुसऱ्या बाजूला उघडा समुद्र. पाणी वाढायला लागलं की वर निसटायला जागा नाही, आणि इथं माणसं वाहून गेली आहेत. नियम एकच: ओहोटी पूर्ण होण्याच्या तासभर आधी उतरा आणि ओहोटीचा क्षण येईपर्यंत बाहेर पडा. पाणी उतरत असताना चालायचं, चढत असताना नाही. समजा दुसरा दिवस नवमीचा आहे. नऊची पाऊणपट पावणेसात, म्हणजे भरती सकाळी सातच्या सुमारास आणि ओहोटी एकच्या आसपास. श्रीवर्धनहून साडेदहाला निघा, दर्शन घ्या, देवळात विचारा आणि बाराला उतरा. ‘आज नको’ म्हणाले तर तो शेवटचा शब्द माना. गुडघे दुखणाऱ्यांनी आणि कडेवरच्या मुलांनी वर देवळातच थांबावं. खडक शेवाळलेले असतात.

महिन्यांचं थोडक्यात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मार्च-एप्रिलमध्ये ऊन चढतं, पण शिमग्याच्या पालख्या आणि वेळासच्या कासवांसाठी यावं. मे महिन्यात आंबा-फणस असतो, गर्दी आणि घामही असतो. पावसाळ्यात हिरवं कोकण बघायला जरूर या, पण ही सहल तेव्हा नको. घाटात दरडी येतात, वादळी हवेत फेऱ्या बंद राहतात, किल्ल्यांच्या होड्या बंद असतात, आणि 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंदी असल्यामुळे ताजी मोठी मासळी मिळत नाही. गणपतीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि नाताळ ते 1 जानेवारी हा काळ सोडाच. चाकरमान्यांनी आणि पर्यटकांनी रस्ता भरलेला असतो, बोटीच्या रांगेतच अर्धा दिवस जातो.

चार दिवसांचा रस्ता

पहिला दिवस. पुण्याहून मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा करत श्रीवर्धन साधारण 165 किलोमीटर आहे. सहाला निघालात तर जेवायच्या आत पोचाल. मुंबईकरांनी राष्ट्रीय महामार्ग 66 धरून माणगाव गाठावं. दुसरा पर्याय म्हणजे भाऊच्या धक्क्यावरून गाडी रो-रो बोटीत घालून मांडव्याला उतरायचं आणि अलिबाग, रेवदंडा, मुरूड करत आगरदांड्याहून दिघीची बोट धरायची. हा दुसरा रस्ता देखणा आहे, पण वेळ खातो. मुक्काम दिवेआगरला करा किंवा श्रीवर्धनला. दोन्हींच्या मधला आरावी-शेखाडीचा रस्ता वीसेक किलोमीटर समुद्राला अगदी लागून जातो. तो संध्याकाळच्या उन्हात करा, आणि गाडी थांबवायची तर वळण सोडून मोकळी जागा बघून थांबवा. हा रस्ता घाईत उरकू नका. त्याच्याएवढा समुद्राजवळून जाणारा रस्ता पुढं थेट गणपतीपुळ्याजवळ आरे-वाऱ्यालाच भेटतो.

दुसरा दिवस. हरिहरेश्वर, मग बागमांडल्याची जेट्टी, बोटीनं वेश्वी, तिथून बाणकोट आणि वेळास. फेब्रुवारी ते एप्रिल असेल तर मुक्काम वेळासलाच करा. ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं सकाळी आणि संध्याकाळी समुद्रात सोडतात. रोज पिल्लं निघतीलच असं नाही, म्हणून दोन वेळा हाताशी ठेवलेल्या बऱ्या. फ्लॅश मारायचा नाही, दोरीच्या आत पाय टाकायचा नाही. बाकीच्या महिन्यांत केळशी, आंजर्ले किंवा दापोलीजवळच्या मुरूड-कर्दे इथं राहा. वेळासनंतरचा रस्ता सडा, म्हणजे कातळाचा माळ, चढतो, उतरतो आणि पुन्हा चढतो. अंतर कमी वाटलं तरी अंधाराच्या आत पोचायचंच. डिसेंबरात सव्वासहाच्या आत सूर्य बुडतो, म्हणजे शेवटची बोट दुपारी तीनच्या पुढे धरू नका.

तिसरा दिवस. सकाळी आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, तिथून सुवर्णदुर्ग दिसतो. हर्णैच्या बंदरात मासळीचा लिलाव बघा. लिलावात टोपल्याच्या टोपल्या जातात, घरापुरती मासळी हवी असेल तर बाजूला बसलेल्या मावश्यांकडून घ्या, आणि मुक्कामाच्या ठिकाणी करून देतात का हे आधी विचारून मगच घ्या. मग दापोली, दाभोळ, बोट, धोपावे, गुहागर. हर्णैहून कर्दे, लाडघर, बुरोंडी असा किनाऱ्याचा रस्ताही दाभोळकडे जातो. तो अरुंद आहे पण सुंदर आहे. गाडी लागणारं माणूस बरोबर असेल तर मात्र दापोलीमार्गेच जा.

चौथा दिवस परतीचा. गुहागर, चिपळूण, कुंभार्ली घाट, पाटण, उंब्रज असं पुण्याला यायला जेवणाखाण्यासकट सात-आठ तास लागतात. आणखी एक दिवस असेल तर गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळची बोट धरून जयगडला उतरा, तिथून मालगुंड, गणपतीपुळे, आरे-वारे आणि रत्नागिरी, आणि परत येताना आंबा घाट. हेदवीची बामणघळ भरतीलाच बघण्यासारखी असते, खडकातल्या चिरेत लाट घुसते आणि पाणी उंच उडतं. चिरेच्या तोंडाशी उभं राहून फोटो काढू नका. आणि संकष्टीच्या दिवशी गणपतीपुळ्याला मुक्काम ठेवू नका, अंगारकी असेल तर नक्कीच नाही.

बोटीत गाडी चढवताना

स्थानिक लोक हिला फेरीबोट म्हणतात, रायगडात जंगलजेट्टीही म्हणतात. तिकीट गाडीच्या प्रकारावर, माणसांचं वेगळं. सुटे पैसे ठेवा, कारण जेट्टीवर नेटवर्क गेलं की मोबाईलवरचे पैसे अडकतात. आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारा: पहिली बोट कधी, दुपारी जेवणाची सुट्टी असते का, शेवटची कधी, आणि उद्या बोट चालू आहे का. दुरुस्तीसाठी एखादी बोट बाहेर गेली की फेऱ्या निम्म्या होतात, आणि हे नकाशावर दिसत नाही.

चढण्याआधी ड्रायव्हर सोडून सगळ्यांना खाली उतरवा. मुलांचा हात धरून बाजूनं चालत बोटीत जायचं, गाड्यांच्या मधून नाही. आता धक्का नीट बघा. पूर्ण ओहोटीला, त्यातही उधाणाच्या दिवसांत, धक्क्याचा खालचा भाग उघडा पडतो. तो हिरवट, बुळबुळीत असतो आणि उतार तीव्र झालेला असतो. बोटीची लोखंडी फळी जिथं धक्क्याला टेकते तिथं एक कोन तयार होतो, आणि कमी उंचीच्या गाडीचा पुढचा बंपर किंवा पोटाखालचा भाग तिथंच घासतो. म्हणून पहिला गिअर, क्लच अर्धा, वेग माणसाच्या चालीचा, आणि गाडी किंचित तिरकी घ्या, म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम फळीवर येणार नाहीत. ओल्या धक्क्यावर एकदम जोर दिला तर चाक जागच्या जागी फिरतं. तसं झालं तर पाय काढा, गाडी थोडी मागं येऊ द्या आणि हळू पुन्हा घ्या. मागे गाडी चिकटवून कुणी उभं नाही हे आधीच बघितलेलं असावं. बोटीवरचा माणूस हातानं खूण करतो, तिच्याकडे लक्ष ठेवा, घरच्या चौघांच्या सूचना त्या वेळी बंद. छोट्या बोटीवर कधी गाडी उलटी घ्यावी लागते. जमत नसेल तर तसं सांगा, ते जागा करून देतात किंवा पुढच्या फेरीला घेतात.

आत गेल्यावर हँडब्रेक, पहिला गिअर, इंजिन बंद. आरसे मिटून घ्या.

गावातले रस्ते आणि गाडी

मोबाईलचा नकाशा कमी अंतराचा रस्ता शोधतो आणि तुम्हाला आगरातल्या, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतल्या, पाणंदीत घालतो. दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, वर पोफळी, गाडीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जागा, आणि पुढं पाखाडीच्या पायऱ्या. तिथून मागं येताना आरशापेक्षा खाली उतरलेलं माणूस कामी येतं. गाव आलं की नकाशा बाजूला ठेवून दुकानात विचारा. नकाशात ‘फेरी टाळा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर तो तुम्हाला महामार्गावर नेऊन सोडेल, हेही निघतानाच तपासा. संपूर्ण पट्ट्याचा नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा, वेळास-केळशीकडे नेटवर्कचा भरवसा नाही.

निघण्याआधी टायरमधली हवा गाडी थंड असताना भरा, दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या आकड्याप्रमाणे, माणसं-सामान भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा असतो तो. स्टेपनीतही हवा भरा, जॅक आणि पाना आहे का बघा. इंधन म्हसळ्याला किंवा श्रीवर्धनला पूर्ण भरा, मग दापोलीला. सीएनजीवर विसंबू नका, टाकीत पेट्रोल असू द्या.

घाट उतरताना दुसऱ्या गिअरवर उतरा. सतत ब्रेकवर पाय ठेवला की पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. तसं झालं तर गिअर खाली आणून लगेच सुरक्षित जागी थांबा, वीस-पंचवीस मिनिटं गाडी थंड होऊ द्या, ब्रेकवर पाणी ओतू नका. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची. अरुंद रस्त्यावर समोरून एसटी आली तर आपणच रुंद जागी थांबायचं, पण साइडपट्टीवर चाक उतरवताना ती भरलेली आहे का बघून.

गाडी पुळणीवर घालू नका. वरची कोरडी वाळू चाक गिळते, भरती वाट बघत नाही, आणि बऱ्याच ठिकाणी पोलीस गुन्हाही नोंदवतात. किनाऱ्याजवळच्या पार्किंगमध्येच चाक रुतलं असेल तर ॲक्सिलरेटर दाबत बसू नका, प्रत्येक फेऱ्याला गाडी आणखी खाली जाते. चारही चाकांतली हवा निम्म्यापर्यंत कमी करा, चाकापुढची वाळू हातानं काढा, पायपुसणी किंवा झावळ्या घाला, स्टिअरिंग सरळ ठेवून हळू काढा आणि लगेच पंपावर हवा भरून घ्या. आणि रात्री गाडी माडाखाली लावू नका. नारळ पडायला वारा लागत नाही.

ज्यांना गाडी लागते त्यांना पुढं बसवा, रिकाम्या पोटी नाही आणि भरल्या पोटीही नाही. गोळी द्यायची असेल तर घाट सुरू होण्याच्या अर्धा तास आधी, मुलांना डॉक्टरांना विचारूनच. आलेपाक खिशात असू द्या. मोबाईल बघत बसलेलं मूल हमखास ओकतं.

खोली आणि जेवण

घरगुती सोयीच्या ठिकाणी फोन करताना भाडं सगळ्यात शेवटी विचारा. आधी हे:

- घर शाकाहारी आहे की मासळी करतात? बऱ्याच घरांत मासळी अजिबात चालत नाही, आणि ते पोचल्यावर कळणं दोघांनाही अवघड जातं.
- गाडी बेड्याच्या, म्हणजे अंगणाच्या फाटकाच्या, आत येते का, की रस्त्यावर लावावी लागेल?
- संडास खोलीला लागून आहे का, कमोड आहे का? आजी-आजोबांसाठी हे सगळ्यात महत्त्वाचं.
- वीज गेली तर पंखा चालतो का?
- समुद्र चालत किती मिनिटं?

आणि जेवण सांगून ठेवा. इथल्या घरांत जेवण तयार करून ठेवलेलं नसतं, माणसं मोजून रांधतात. ‘काकू, आम्ही सहा जण, दोन लहान, चौघांना सुरमई, दोघांना शाकाहारी, दीडपर्यंत येतो’ एवढं सकाळी दहाच्या आत कळवलं की पानावर गरम भाकरी आणि ताजी सोलकढी येते. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगा आणि संख्या सांगा. मासळीच्या ताटाचा दर मासळीवर ठरतो, तो आधी विचारण्यात गैर काही नाही. उशीर होणार असेल तर फोन करा. तुमच्यासाठी कुणीतरी चुलीपाशी थांबलेलं असतं.

पाण्यात उतरताना

ओहोटी सुरू असताना पोहायला जाऊ नका, पाणी आत ओढतं. भरती चढत असतानाचे पहिले दोन-तीन तास बरे. लाटा सगळीकडे फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत, गढूळ दिसतोय, तर तिथंच उतरू नये: किनाऱ्यावर आलेलं पाणी त्याच वाटेनं परत समुद्रात जात असतं. त्यात सापडलात तर किनाऱ्याकडे झगडू नका, किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर या, मग आत वळा. खाडीच्या मुखाजवळ तर पायही बुडवू नका, तिथं तळ रोज बदलतो. गणपतीपुळ्याचा समुद्र अनेकदा जीवघेणा ठरला आहे, तिथं पावलं भिजवण्यापुरतंच. मुलांना गुडघाभर पाणी ही हद्द, आणि एका मुलामागे एक मोठं माणूस, ज्याच्या हातात मोबाईल नाही.

घरी परतल्यावर दुसऱ्याच दिवशी गाडी धुऊन घ्या, वरून नव्हे तर खालून. चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि पोटाचा पत्रा गोड्या पाण्याच्या जोराच्या धारेनं. खारी हवा आणि वाळू तिथंच साचून राहते, आणि गंज तिथूनच धरतो.